मोटर गेली नव्हती!

“मोटर गेली ताई. नवीनच घ्या आता.”

दहा सेकंद. त्याच्या वर त्या मेडिकलवाल्याने आमचं नेब्युलायझर, म्हणजे दम्याचं औषध वाफेसारखं करून श्वासातून देणारं मशीन, हातात धरलं नव्हतं. पिन लावली, बटण दाबलं, घर्रर्र झालं, वाफ आली नाही, बटण बंद. लगेच मागच्या फळीवरून नवा खोका काढून काउंटरवर आपटला. 1,800 रुपये. “एक वर्ष वॉरंटी आहे बघा.” जुन्यालाही होती. जुनं याच काउंटरवरून नेलेलं आहे, चौदा महिने झाले, आणि त्या दिवशीही हाच माणूस उभा होता.

मी म्हटलं, अहो मोटर गेली तर एवढा आवाज कशाचा येतोय? तर म्हणे, “आवाज येतो हो, प्रेशर नसतं.” प्रेशर बघितलं का पण तू? नळी उपसून भोकावर बोट ठेवायला काय लागतं? मी घरी येऊन ठेवलं. हवा बोट ढकलत होती. मोटर ठणठणीत! मी सकाळपासून धुमसते आहे आणि हे लिहून झाल्याशिवाय माझं डोकं शांत होणार नाही.

काल रात्रीचं सांगते. अडीच वाजता अण्णा उठून बसले. अण्णा म्हणजे वडील, वय 71, सोलापुरात अक्कलकोट रोडच्या टॉवेलच्या कारखान्यांत तीस वर्षं माग चालवले. ज्यांच्या घरात दम्याचा माणूस आहे त्यांना ते बसणं माहीत आहे. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान पुढे, प्रत्येक श्वासाला खांदे वर. मी झोपेतच मशीन ओढलं, रेस्प्युल, म्हणजे औषधाची छोटी कुपी, फोडली, कपात ओतली, मास्क लावला, बटण दाबलं. आवाज सुरू. मास्कमध्ये काही नाही. कप सरळ केला, काही नाही. नळी काढून परत लावली, झाकण फिरवून परत बसवलं, टिचक्या मारल्या. दीड-दोन मिनिटांनी एक बारीकशी फुसकी आली आणि गेली. औषध कपात जसंच्या तसं. आणि अण्णा माझ्याकडे बघतायत. बोलायला दम नाही म्हणून हाताने खूण करतात, राहू दे. ती खूण बघून माझ्या पोटात जे झालं ते मी त्या दुकानदाराला कसं सांगू?

तोंडाने ओढायचा पंप होता, त्याला जोडायचं स्पेसरचं नळकांडं होतं, म्हणून निभावलं. डॉक्टरांनी लिहून दिलंय तसं एकेक पफ, मध्ये थांबत. सव्वाचारला ते आडवे झाले. मी नाही झाले. दुकान उघडायच्या आधी पंधरा मिनिटं मी शटरसमोर उभी होते, पिशवीत मशीन घेऊन. आणि तिथे मला दहा सेकंद मिळाले.

नुसता कप द्या म्हटलं, तर “सुटा येत नाही.” येतो! कप, मास्क आणि नळी असा संच येतो, मी पुढच्याच चौकात बघितला, दोन-अडीचशेला. याच्याकडेही असणार. पण 1,800 चं गिऱ्हाईक समोर उभं असताना अडीचशेचं पाकीट कोण काढणार? रात्रभर जागलेली बाई काय म्हणाल ते देते, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. आज मीही दिले असते. पण पर्समध्ये होतेच तेराशे, म्हणून राहिलं.

तर घरी आले आणि कप उघडून खिडकीसमोर धरला. कपाच्या तळातून मधोमध एक सुळका वर येतो, त्याच्या टोकाला सुईच्या अग्राएवढं भोक. सगळा खेळ त्या भोकाचा आहे. मशीन हवा दाबून पाठवतं, हवा त्या भोकातून जोरात सुटते, त्या ओढीने कपातलं औषध वर खेचलं जातं आणि समोरच्या अडथळ्यावर आपटून त्याचा धुरळा होतो. एक ते पाच मायक्रॉनचा थेंब झाला तरच तो खाली फुफ्फुसात उतरतो. मोठा थेंब तोंडातच बसतो. म्हणजे ज्याला लोक मशीन म्हणतात ती नुसती हवा ढकलणारी मोटर आहे, औषधाची वाफ करणारा हा प्लास्टिकचा कप. आणि माझ्या कपाच्या भोकाभोवती पांढरं कडं होतं.

ते पांढरं सोलापुरातल्या कुठल्याही बाईला दाखवा, ती नाव सांगेल. हंड्याच्या तळाला तेच, गिझरच्या कॉइलवर तेच, नळाच्या तोटीवर तेच. बोअरचा क्षार. महापालिकेचं पाणी चार-पाच दिवसांनी येणार, तेही शंभरेक किलोमीटरवरच्या उजनीतून, ते पिण्याला आणि स्वयंपाकाला पुरवायचं. धुण्या-भांड्याला बोअर. नेब्युलायझरचा कपही मी चौदा महिने बोअरच्याच पाण्यात धुतला, दिवसातून दोनदा, अगदी इमानाने. कारण सगळ्यांनी तेवढंच सांगितलं होतं, “वापरून झालं की पाण्याने धुवा.” डॉक्टरांच्या असिस्टंटने सांगितलं, दुकानदाराने सांगितलं, नर्सने सांगितलं. कुठल्या पाण्याने, ते एकाने तरी सांगावं ना! अहो तुम्हीही याच गावात राहता. तुमच्या घरच्या बादलीला कडं येत नाही का?

किराणा दुकानातून पांढरा व्हिनेगर आणला. एक भाग व्हिनेगर, तीन भाग पाणी, कप सुटा करून अर्धा तास बुडवला. मग आरओचं पाणी उकळून गार केलेलं होतं त्याने तीनदा खळबळला, स्वच्छ फडक्यावर उलटा ठेवून वाळवला. मास्क वेगळा धुतला. नळी धुवायचीच नसते, आत पाणी राहिलं की बुरशी धरते. तिच्यात ओल दिसली तर कप न लावता मशीन दोन-चार मिनिटं नुसतं चालवायचं, हवेने सुकते. मग नवी रेस्प्युल टाकून बटण दाबलं आणि मास्कच्या दोन्ही भोकांतून पांढरे लोट निघाले. भरपूर, सरळ, पहिल्यासारखे. मी पाटावर बसून रडले.

खर्च किती? व्हिनेगरची बाटली अजून तीन चतुर्थांश भरलेली आहे.

आता निघालंच आहे तर सगळंच निघू दे. गेल्या श्रावणात त्या कपातली छोटी टोपी हरवली होती. त्या सुळक्यावर बसते ती, हरभऱ्याच्या दाण्याएवढी, पारदर्शक. ती नसेल तर औषध वर चढतच नाही. ही टोपी सुटी निघते हेच मला कुणी सांगितलं नव्हतं, धुताना मोरीतून वाहून गेली. कंपनीला पारदर्शकच का करावी वाटते ती? लाल करा, हिरवी करा, पडली तर दिसेल तरी! तीन दिवस कळेना वाफ का येत नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, टाचणी घालून भोक मोठं कर. काकूंचं मन चांगलं आहे, पण अहो, भोक मोठं झालं की थेंब मोठा झाला, मग वाफ दिसेल आणि औषध छातीत जाणार नाही. तेव्हा मला हे माहीत नव्हतं. टाचणी हातात घेतलीच होती, तेवढ्यात अण्णांनी हाक मारली म्हणून राहिलं.

एक मावशी निलगिरीचं तेल घालायला सांगत होत्या कपात! तेल फुफ्फुसात! आणि हे सांगताना आवाज असा की दवाखाना त्यांनीच काढलाय.

फिल्टरचं तर विचारू नका. मशीनच्या अंगाला एक छोटं झाकण आहे, ते उचकटलं की आत पांढरी स्पंजची गोळी. मी सातव्या महिन्यात पहिल्यांदा उचकटलं तेव्हा ती काळी ठिक्कर होती. आमच्या गल्लीत चार घरं सोडून माग चालतात, हवेत कापसाची धूळ असतेच, वर उन्हाळ्यात रस्त्याची. अण्णांनी आयुष्यभर जी धूळ छातीत भरली, तिचीच घरात आलेली भर त्या स्पंजवर बसलेली. आणि त्यातूनच हवा ओढून मशीन त्यांना औषध देत होतं. धुऊन वाळवून परत घातली तर चालेल का दुकानात विचारायला गेले, तर “चालतंय की, धुवा.” चालत नाही! ती धुवायची नसते, बदलायची असते. पाच गोळ्यांचं पाकीट मिळतं. दोन मेडिकलवाल्यांनी मला वेड्यासारखं बघितलं, तिसऱ्याकडे मिळालं.

मशीनसोबत पुस्तक आलं होतं. इंग्रजी, मुंगीच्या पायाएवढी अक्षरं, आणि पुढे अजून कुठल्या कुठल्या परदेशी भाषा. मराठी नाही. आमच्या शहरात दारात मराठी आणि घरात तेलुगू नाहीतर कन्नड बोलणारी हजारो माणसं आहेत. विड्या वळणाऱ्या बाया, मागावरचे कामगार, छातीचे आजार ज्यांच्या वाट्याला, त्यांच्याच हातात हे पुस्तक. एक पान द्या हो. एकाच पानावर पाच चित्रं काढा. माणूस वाचेल.

आणि भाऊ! तो पुण्यात असतो. मागच्या दिवाळीला हातात मावणारं, बॅटरीवरचं, जाळीचं नेब्युलायझर ऑनलाइन मागवून पाठवलं. “बिलकूल आवाज नाही, आता तुला काही त्रास नाही.” पंधरा दिवस छान चाललं. मग जाळी चोंदली. त्या जाळीला हजारो भोकं असतात, डोळ्याला न दिसणारी, औषध आत वाळलं की बंद होतात. दरवेळी साफ पाणी घालून मिनिटभर चालवून घ्यावं लागतं. हे मला कधी कळलं? ते बंद पडल्यावर. दुरुस्ती कुठे, तर कुठेच नाही, परत पाठवायची मुदत दहा दिवसांची. मी फोन केला तर म्हणतो, “तू नीट वापरलं नसशील.” तू ये. वंदे भारतने येतोस, एक दिवस राहतोस, शेंगाचटणी घेऊन जातोस. एकदा रात्री अडीचला इथे राहून दाखव.

अण्णांच्या जिभेवर पांढरे डाग आले होते फेब्रुवारीत. जेवण जाईना, भाकरीचा तुकडा लागला की डोळ्यांत पाणी. ते का, तर स्टिरॉइडचं औषध ओढून झालं की चूळ भरायची असते, मास्क लावला असेल तर तोंडही धुवायचं असतं. एका वाक्याची गोष्ट! बिल करताना तीन माणसं बोलली माझ्याशी, हे वाक्य एकानेही उच्चारलं नाही.

आणि आज सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? मशीन घेऊन परत येताना कट्ट्यावर चार पोरं वेप, म्हणजे ई-सिगारेट, ओढत बसलेली. ढग सोडतायत. 2019 पासून देशात ती वस्तू विकायला, साठवायला, आयात करायला बंदी आहे, विकल्याच्या पहिल्याच गुन्ह्याला वर्षभर कैद होऊ शकते. त्यात माझ्या नात्यातला एक होता. मी उभी राहून बोलले त्याला. तर तो माझी पिशवी बघून म्हणतो, “आत्या, याचं कॉइल गेलं असेल, बदलून टाक, दोन दिवसांत मागवून देतो.” नेब्युलायझरला तुमच्या वेपसारखं तापणारं कॉइल नसतं रे बाळा. पण त्याचं ऐकून मी तिथेच गप्प झाले. त्याला सगळं माहीत आहे. वेपमधला कापूस कधी जळतो, गळती कुठून होते, कुठला भाग कधी बदलायचा, सगळं. बंदी असलेल्या वस्तूचा सुटा भाग दोन दिवसांत दारात, शिकवायला मित्र तयार. आणि डॉक्टरने चिठ्ठीवर लिहून दिलेल्या मशीनची हरभऱ्याएवढी टोपी मला अख्ख्या शहरात सुटी मिळत नाही. त्या पोराच्या आजोबांनी अण्णांच्या शेजारच्या मागावर काम केलंय. खोकून खोकून गेले ते. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

आत्ता रात्रीचे नऊ वाजलेत. अण्णांचा दुसरा डोस आत्ताच झाला, नऊ मिनिटांत कप रिकामा, शेवटी फडफडलं तसं मशीन बंद केलं. चूळ भरून झाली. झोपलेत, तोंड उघडं, पण खांदे हलत नाहीत.

तो 1,800 चा खोका त्याने बाजूला काढून ठेवलाय माझ्यासाठी, “संध्याकाळी या” म्हणाला होता. मी उद्या सकाळी जाणार आहे. हेच जुनं मशीन आणि हाच कप घेऊन जाणार. त्याच्याच काउंटरवर, गिऱ्हाइकांची गर्दी असताना, औषधाऐवजी नॉर्मल सलाइन, म्हणजे मिठाचं निर्जंतुक पाणी, घालून बटण दाबणार. मग त्याला म्हणणार, दादा, नळी काढ आणि इथे बोट ठेव.