बाबांचा डबा

मागच्या आठवड्यात नाशिकच्या आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका काकांचा फोटो फिरत होता. स्मृतिभ्रंश आहे, पहाटेपासून घरी नाहीत. दुपारी ते मेळा स्टँडवर सापडले आणि मग ग्रुपवर जे सुरू झालं ते वाचून मला इथे लीड्समध्ये झोप लागली नाही. "सुनेचं लक्ष नको?" "बाहेरून कुलूप लावा." "मुलं परदेशात, आईबाप रस्त्यावर." हे शेवटचं मीही ऐकून घेतलंय.

तीन वर्षांपूर्वी आमचे बाबा असेच निघाले. इंदिरानगरच्या घरातून, सकाळी सहाला, हातात रिकामा डबा. दादा-वहिनीने रामकुंड, सीबीएसचा बस स्टँड, ओळखीची सगळी देवळं पालथी घातली. एका पोलीस ठाण्यात "चोवीस तास थांबा" म्हणाले. असा नियम नाही. हरवल्याची नोंद लगेच करता येते, आणि ती करायलाच लावावी. बाबा संध्याकाळी नाशिकरोडला सापडले, नोटांच्या प्रेसच्या जुन्या क्वार्टर्सपाशी. चहाच्या टपरीवाल्याने त्यांना बाकावर बसवून ठेवलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते विचारत होते, "पहिली पाळी सुटली का?" ३१ वर्षं नोटा छापल्या त्यांनी, ते ड्युटीवर निघाले होते. डब्याच्या झाकणावर आईने कोरून घेतलेलं नाव वाचून प्रेसमधल्याच एका निवृत्त कामगाराने दादाला शोधून काढलं.

इंग्लंडमध्ये यासाठी 'हर्बर्ट प्रोटोकॉल' नावाचा फॉर्म आहे. नॉर्फोकच्या पोलिसांनी सुरू केलेला; नाव जॉर्ज हर्बर्ट या नॉर्मंडीत लढलेल्या आणि पुढे स्मृतिभ्रंश झालेल्या सैनिकाचं. घरच्यांनी तो आधीच भरून ठेवायचा. अलीकडचा फोटो, औषधं, नेहमीच्या जागा, आणि जुने पत्ते, जुनी नोकरी. हे शेवटचे दोन रकाने कोणी आम्हाला आधी विचारले असते, तर दादा सरळ नाशिकरोडला गेला असता.

पण इथलंच सगळं चांगलं, असं मी म्हणणार नाही. माझ्या रस्त्यावर संध्याकाळी चिटपाखरू नसतं. "कुठं निघालात?" असं विचारायला कोणी भेटेलच याची खात्री नाही. नाशिकमध्ये विचारतात, फक्त त्यांना आधी माहीत हवं. आम्ही बाबांचा आजार दोन वर्षं लपवला. वेड लागलं म्हणतील, ही भीती. त्या सकाळी समोरच्या काकूंनी त्यांना फाटकातून बाहेर पडताना पाहिलं होतं. त्यांना वाटलं, फिरायला निघालेत.

देशात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. तुमच्या गल्लीत कोणीच नाही, हे मला पटत नाही. कुलूप लावून गेलात आणि आत माणूस पडला तर उचलणार कोण? त्यात २०२७ ला सिंहस्थ. गंगेवर, म्हणजे गोदाघाटावर, तेव्हा धडधाकट माणसंही चुकतात.

वहिनीने आता त्या हर्बर्टच्या फॉर्मसारखाच एक कागद हाताने लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. वाणी, रिक्षा स्टँड, काकू, इस्त्रीवाला, सगळ्यांना आजाराचं नाव सांगितलंय आणि नंबर दिलाय. इस्त्रीवाल्याचा आतापर्यंत दोनदा फोन आला. दोन्ही वेळा बाबांच्या हातात डबा होता.