गुन्हा मोठ्यांचा, म्हणून कोर्टही मोठ्यांचं?

अल्पवयीन मुलाच्या हातून भयंकर गुन्हा घडला की एक संदेश फिरू लागतो: "मोठ्यांसारखा गुन्हा केला ना? मग खटलाही मोठ्यांच्याच कोर्टात चालवा, जरब बसेल." त्यामागचा संताप मला समजतो. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांना आरोपीच्या वयाशी काय देणंघेणं? पण संदेशातले दावे टिकत नाहीत.

"जरब बसेल." हे करून झालंय. अमेरिकेत 1990 च्या दशकात बहुतेक राज्यांनी मुलांना प्रौढांच्या कोर्टात पाठवणं सोपं केलं. पुढे तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने नेमलेल्या तज्ज्ञगटाने त्यावरचे अभ्यास एकत्र तपासले. 2007 मधला निष्कर्ष असा: बालन्यायालयातच राहिलेल्या मुलांपेक्षा, मोठ्यांच्या कोर्टात गेलेली मुलं पुन्हा गुन्ह्यात सापडण्याचं प्रमाण सुमारे 34 टक्क्यांनी जास्त. बाकीच्या मुलांना धाक बसतो, याचा पुरेसा पुरावा मिळाला नाही.

"सोळाव्या वर्षी सगळं कळतं." कळतं, खरंच. शांतपणे विचारलं तर तो चूक काय, बरोबर काय हे नीट सांगेल. पण मित्रांचा घोळका, चिथावणी, डोक्यात राख, अशा वेळी स्वतःला आवरण्याची मेंदूची क्षमता विशी ओलांडल्यावरही घडतच असते. आणि हाच कच्चेपणा चौकशीच्या खोलीतही नडतो. 1989 मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या बलात्कार प्रकरणी 14 ते 16 वर्षांची पाच मुलं पकडली गेली. तासन्‌तास चाललेल्या चौकशीनंतर त्यांच्याकडून कबुल्या मिळाल्या. त्यातला 16 वर्षांचा मुलगा तर मित्राला सोबत म्हणून पोलीस ठाण्यात गेला होता. त्याला प्रौढ ठरवलं गेलं आणि सर्वांत जास्त, बारा वर्षांहून अधिक काळ त्यानेच तुरुंगात काढला. 2002 मध्ये खऱ्या गुन्हेगाराने कबुली दिली, डीएनए जुळला, आणि पाचांच्याही शिक्षा रद्द झाल्या. त्याची ती वर्षं कुठून भरून देणार?

"बालन्यायालयातून सुटतोच." तिथेही दोष ठरतो, बंदिस्त गृहात ठेवलं जातं, सुटल्यावर देखरेख राहते. शिवाय प्रौढ तुरुंगात धाडलेला मुलगाही बहुतेक वेळा तरुणपणीच बाहेर येतो, फक्त शाळेऐवजी सराईतांच्या संगतीत राहून.

पीडित कुटुंबाला हवं असतं ते लवकर चालणारा खटला, प्रत्येक तारखेची माहिती, आपलं म्हणणं मांडायची संधी आणि भरपाई. हे सगळं बालन्यायालयातही देता येतं. मागायचं तर ते मागा.