आठ माइकांचा हट्ट

बँडमध्ये वाजवणाऱ्या पोरांच्या (वरातीतला बँड नव्हे, गिटार-ड्रमवाला) व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक मजकूर सारखा फिरतोय. मला तो चार वेगवेगळ्या लोकांनी पाठवला. त्यातल्या दोघांनी खाली विचारलं होतं, ‘दादा, मग आता कर्ज काढायचं का?’ मजकुराचा सारांश असा: घरी ड्रम रेकॉर्ड करायचे तर प्रत्येक ड्रमला स्वतंत्र माइक हवाच, म्हणजे सात-आठ तरी लागणार. ओव्हरहेड माइक (ड्रमच्या वर टांगलेले) फक्त सिम्बलसाठी, म्हणजे धातूच्या थाळ्यांसाठी, असतात. खिसा हलका असेल तर सुटे माइक घेऊ नका, सात माइकची तयार पेटी घ्या. कंडेन्सर माइक (बारीकसारीक आवाज टिपणारी नाजूक जात) ड्रमजवळ नेला तर त्याचा पडदा फाटतो. आणि शेवटी दिलासा, काही चुकलंच तर मिक्सिंगमध्ये सगळं दुरुस्त होतं.

पाचही वाक्यांत थोडंथोडं खरं आहे, म्हणूनच ती टिकून आहेत. पण दहा बाय बाराच्या खोलीत दोन चॅनेलचा इंटरफेस (माइकचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारं यंत्र) घेऊन बसलेल्या माणसाला ती खड्ड्यात घालणारी आहेत. मी स्वतः त्या खड्ड्यात पडून आलोय, ते पुढे येईलच.

आधी ‘प्रत्येक ड्रमला एक माइक’. यामागची समजूत अशी, की ड्रम किट म्हणजे आठ वाद्यं आहेत. तसं नाही. स्नेअरवर (पुढ्यातला चपटा ड्रम) काठी पडली की टॉम (बाजूचे घुमणारे ड्रम) गुणगुणतात, किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) वाजली की स्नेअरच्या खालची तार सळसळते, हाय-हॅट (पायाने उघडमिट होणारी थाळ्यांची जोडी) सगळ्यांत मिसळतो. या सगळ्याचा मिळून जो आवाज होतो त्याला आपण ‘किट’ म्हणतो. तबल्याच्या शाईला एक, लवेला एक आणि चाटेला एक असे माइक कोणी लावतं का? डग्ग्याला एक, दायाँला एक, फार तर. कारण ऐकणाऱ्याला तबला ऐकायचा असतो, त्याचे भाग नव्हे.

बरं, माइक वाढवले की नुसता आवाज वाढत नाही, भांडणंही वाढतात. दोन माइक असतील तर त्यांच्यात एकच नातं सांभाळायचं. चार असतील तर सहा. आठ असतील तर अठ्ठावीस. हे नातं म्हणजे फेज, दोन माइकांत पोचलेल्या लाटांचा ताळमेळ. आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटीमीटर. स्नेअरला चिकटवलेला माइक पाच सेंटीमीटरवर आहे आणि डोक्यावरचा नव्वदवर, तर तोच ठोका वरच्या माइकात सुमारे अडीच मिलिसेकंद उशिरा पोचतो. दोन्ही ट्रॅक सारख्या पातळीवर मिसळले की २०० हर्ट्झच्या आसपास एकाची लाट वर जात असताना दुसऱ्याची खाली येते आणि दोघी एकमेकींना खातात. आणि २०० हर्ट्झ म्हणजे नेमकं स्नेअरचं अंग. उरतो तो पत्र्याच्या डब्यावर काठी मारल्यासारखा टणत्कार.

हे मला कोणी शिकवलं नव्हतं. पहिल्यांदा आठ ट्रॅक भरून घरी आणले, तेव्हा स्नेअर एकटा ऐकला की छान, ओव्हरहेड एकटे ऐकले की छान, आणि सगळं एकत्र लावलं की स्नेअर गायब. तीन रात्री मी त्यावर इक्वलायझर फिरवत बसलो. चौथ्या दिवशी एका जाणत्या मित्राने येऊन स्नेअरच्या ट्रॅकवरचं पोलॅरिटी उलटवायचं (लाट वरची खाली करायचं) बटण दाबलं, ते शून्यावर तिरकी रेघ मारल्यासारखं चिन्ह असतं ना, ते. स्नेअर परत आला. त्याने चहा प्यायला आणि गेला. मी मात्र त्या तीन रात्रींचा हिशेब अजून करतोय.

दुसरा मुद्दा, ओव्हरहेड फक्त सिम्बलसाठी. हा सगळ्यांत नुकसान करणारा आहे, कारण तो ऐकून माणूस सगळे पैसे किटच्या पोटात घालतो आणि डोक्यावर मिळेल ते टांगतो. जिथे जवळचे माइक आठ-दहा असतात त्या मोठ्या स्टुडिओत हे थोडंफार चालतं. तिथे इंजिनियर ओव्हरहेडमधला खालचा भाग कापून फक्त झगमगाट ठेवतोही. पण कमी माइकांत काम करणाऱ्यासाठी ओव्हरहेड म्हणजेच किट आहे. बाकीचे माइक त्याला टेकू द्यायला.

लंडनच्या ऑलिंपिक स्टुडिओत १९६८ साली लेड झेपलिन या इंग्लिश रॉक बँडचा पहिला अल्बम ध्वनिमुद्रित झाला. इंजिनियर होता ग्लिन जॉन्स. बँडचा ड्रमर जॉन बॉनहॅमच्या ड्रमसाठी त्याने जी मांडणी केली, ती आज त्याच्याच नावाने ओळखली जाते: एक माइक डोक्यावर, दुसरा फ्लोअर टॉमच्या बाजूने हाय-हॅटकडे तोंड करून, दोन्ही स्नेअरच्या मध्यापासून बरोबर सारख्या अंतरावर. एक किकला, आणि हवा असेल तर एक स्नेअरला. सगळा खेळ त्या ‘सारख्या अंतरा’चा. स्नेअरचा ठोका दोन्ही माइकांत एकाच क्षणी पोचला की वर सांगितलेलं भांडण मुळात होतच नाही.

यावर लगेच कोणीतरी हेडली ग्रेंजचं उदाहरण फेकतं. त्याच बँडच्या १९७१ च्या अल्बमसाठी हॅम्पशरमधल्या त्या जुन्या घरात ड्रम खाली जिन्याच्या पायथ्याशी दालनात ठेवले आणि ग्लिनचा धाकटा भाऊ अँडी जॉन्सने जिन्यावरून फक्त दोन माइक लावले. खरं आहे. पण ते माइक बायरडायनॅमिकचे एम १६० होते, स्वस्तातले नव्हेत. खाली बसलेला माणूस बॉनहॅम होता. आणि जिना तीन मजल्यांचा होता. आपल्या सोसायटीच्या जिन्यात हा प्रयोग केला तर खालच्या मजल्यावरचे काका पहिल्याच ठोक्याला वर येतील. तेव्हा ‘दोन माइकांत सगळं होतं’ हाही उलट्या बाजूचा हट्टच.

घरी करायची सोपी रीत मला पटते ती सुतळीची. ड्रमची नेहमीची काठी सोळा इंच, म्हणजे चाळीसेक सेंटीमीटर. स्नेअरच्या मध्यापासून सरळ वर दोन काठ्या मोजा, तिथे पहिला माइक, तोंड खाली स्नेअरकडे. दुसरा माइक ड्रमरच्या उजव्या खांद्याच्या वर, तोही स्नेअरपासून दोन काठ्यांवर. आता सुतळीचं एक टोक स्नेअरच्या मध्यावर आणि दुसरं किकच्या बीटरपाशी (पेडलची मोगरी जिथे आपटते तिथे) चिकटपट्टीने लावा. मधली सुतळी ताणून पहिल्या माइकाच्या तोंडाशी धरा आणि जिथे ती माइकाला टेकते तिथे चिमूट घट्ट पकडा. तीच चिमूट दुसऱ्या माइकाच्या तोंडाशी नेली की सुतळीच्या दोन्ही बाजू पुन्हा ताठ झाल्या पाहिजेत. एखादी सैल पडली तर माइक सरकवा. खर्च शून्य. हे करताना ड्रमर हसतो, हसू द्या.

तिसरा मुद्दा पेटीचा. सात माइकची पेटी स्वस्त वाटते, कारण किंमत पेटीची लिहिलेली असते. सात माइकांना सात केबल लागतात. टॉमचे माइक क्लिपवर बसतात, पण ओव्हरहेडला उंच स्टँड हवेत, किकला बुटका. आणि मुख्य म्हणजे सात माइक एकाच वेळी वेगवेगळ्या ट्रॅकवर घ्यायला आठ चॅनेलचा इंटरफेस हवा. तुमच्याकडे आहे दोनचा. म्हणजे पाच माइक पेटीतच राहणार, किंवा तुम्ही पेटीच्या किमतीइतकाच खर्च पुन्हा इंटरफेसवर करणार.

माझ्या पेटीचं (दुकानाचं नाव नको, तो माणूस बिचारा चांगला होता) काय झालं? टॉमच्या दोन क्लिप तीन महिन्यांत मोडल्या. किकचा माइक ठीक होता. ओव्हरहेडचे दोन कंडेन्सर वरच्या पट्ट्यात असे किरकिरायचे की क्रॅश सिम्बल वाजली की स्टीलचं ताट फरशीवर पडल्याचा भास व्हायचा. इथे एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी: स्वस्तपणा सगळ्यांत जास्त सिम्बलमध्ये ऐकू येतो. टॉमचा माइक सुमार असला तर चालून जातं. ओव्हरहेड सुमार असला तर सगळं गाणं कानाला टोचतं. आणि पेटीत नेमके ओव्हरहेडवरच पैसे वाचवलेले असतात.

मग पैसे कुठे घालायचे? मी घालीन ते असे. दोन चॅनेल असतील तर एक बऱ्यापैकी कंडेन्सर डोक्यावर आणि एक मोठ्या पडद्याचा डायनॅमिक (माइकांची दणकट जात) किकला, एकेजी डी ११२ किंवा शुअर बीटा ५२ए या जातीचा. आवाज मोनो येईल. येऊ दे, गाणं मोनो ड्रमवर सुखाने उभं राहतं. चार चॅनेल झाले की दुसरा ओव्हरहेड, आणि मग स्नेअरला शुअर एसएम ५७. हा माइक १९६५ पासून बाजारात आहे, खाली पडला तरी सहसा मरत नाही, आणि उद्या ड्रम सोडून दिलेत तरी गिटारच्या अँपपुढे कामाला येतो. फक्त किकसाठी ५७ वर विसंबू नका. २०० हर्ट्झच्या खाली तो हळूहळू हात काढून घेतो, आणि किकचा धक्का त्याच्या बराच खाली असतो.

५७ आणि त्याचा भाऊ, गायकांचा एसएम ५८, यांच्या नकला बाजारात भरपूर आहेत. फारच स्वस्त मिळाला तर तो ५७ नसतोच, असं समजून चाला. जुना डायनॅमिक घ्यायला हरकत नाही. जुना कंडेन्सर मात्र मुंबई-कोकणातून येत असेल तर अर्धा तास लावून ऐका. चार पावसाळे उघड्यावर काढलेला कंडेन्सर मधूनच तडतडतो, पापड भाजल्यासारखा. नवा घेतलात तर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा.

कंडेन्सरचा पडदा फाटतो, या चौथ्या मुद्द्यावर फार शाई घालवायची गरज नाही. फाटत नाही. ड्रमसाठी विकले जाणारे बहुतेक छोटे कंडेन्सर १३० डेसिबलच्या वरही तग धरतात, काहींवर दहा डेसिबल कमी करायचं बटणही असतं. जे फाटल्यासारखं ऐकू येतं ते बहुतेक वेळा माइकाचं नसतं, इंटरफेसचा गेन (आत येणारा आवाज वाढवायचं बटण) चढवून ठेवलेला असतो. गेन खाली आणा. ही भीती आली असावी रिबन माइकांवरून. त्यातली धातूची पट्टी खरंच नाजूक असते आणि किकच्या भोकातून येणाऱ्या हवेच्या झोताने ती ताणली जाऊ शकते. रिबन तिथे ठेवू नका, एवढंच. आणि हो, कंडेन्सरला काठी लागली तर तो मरेल, पण त्याचा दोष आवाजाला देऊ नका.

उरलं ते ‘मिक्सिंगमध्ये दुरुस्त होतं’. काय होतं आणि काय होत नाही? किकचा किंवा स्नेअरचा ठोका बदलून त्या जागी तयार सँपल बसवता येतो, आणि धंद्यात ते सर्रास चालतं. पण तो युक्तिवाद आठ माइकांच्या विरुद्ध जातो. ठोका बदलायचाच असेल तर त्या ड्रमच्या महागड्या माइकाची गरज काय? जे बदलता येत नाही ते ओव्हरहेडमध्ये असतं: सिम्बलची शेपटी, स्नेअरवरचे हलके ठोके, खोली.

आणि खोली मिक्समध्ये काढता येत नाही. नऊ फुटी छताखाली ओव्हरहेड सहा फुटांवर टांगला तर छतावरून परतलेला आवाज मूळ आवाजाच्या पाठोपाठ लगेच त्याच माइकात शिरतो. पुन्हा तेच फेजचं भांडण. आमच्याकडे सगळे भिंतींवर गोधड्या लावतात. गोधडी सिम्बलची चमक शोषते, किकचा घुमारा तसाच ठेवते, म्हणून खोली आणखी मठ्ठ वाटते. त्यापेक्षा जुनी कापसाची गादी, भिंतीपासून वीतभर पुढे उभी केलेली, बरं काम देते. आणि एक किटच्या बरोबर वर छताला टांगता आली तर उत्तमच. टांगताना हूक नीट बघा.

त्याहून आधी हेड, म्हणजे ड्रमवर ताणलेला पडदा, बदला. नव्या स्नेअर हेडची किंमत कुठल्याही कामाच्या माइकाच्या एका तुकड्याएवढी असते, आणि फरक सगळ्यांत मोठा. खळगे पडलेलं हेड, चार वर्षं न फिरवलेले टेन्शन रॉड आणि किकच्या पोटात फेकलेली ओली उशी, यावर आठ काय, सोळा माइक लावा. ट्यूनिंगला एक संध्याकाळ द्या. मग एकच माइक डोक्यावर लावून ऐका. तिथे किट वाईट वाजत असेल तर अजून माइक विकत घेऊ नका.

आठ माइक कधी लागतात, हेही सांगायला हवं, नाहीतर मीही एक फॉरवर्ड लिहून बसेन. स्टेजवर लागतात, कारण मोठ्या स्पीकरसमोर डोक्यावरचे माइक वाढवले की फीडबॅक (स्पीकरची किंचाळी) सुरू होतो, तिथे प्रत्येक ड्रमला जवळूनच धरावं लागतं. दुहेरी पेडलवर मशीनगनसारखी किक वाजवणाऱ्या मेटल बँडला लागतात, कारण तिथे प्रत्येक ठोका सुटा ऐकू यायला हवा. तुमचं गाणं तसलं असेल तर आठ चॅनेलचा इंटरफेस सरळ भाड्याने आणा, दोन दिवसांत सगळी गाणी ठोकून घ्या आणि परत करा. मला विचारणाऱ्या त्या दोघांपैकी एकाने तेच केलं. दुसऱ्याने फक्त सुतळी आणली.