बोहारणीने परत केलेले सात टी-शर्ट

परवा दारात बोहारीण आली. आईने जुन्या कपड्यांचं गाठोडं सोडलं. बाई एकेक कपडा उजेडाकडे धरून बघत होत्या. बाबांच्या टेरिकॉटच्या पँटी आणि आईच्या दोन साड्या त्यांनी ठेवून घेतल्या, भाचीचे सात टी-शर्ट मात्र बाजूला सारले. "ह्येला कोन इचारत न्हाई, ताई." ते टी-शर्ट वेगवेगळ्या दुकानांतले, पण वर्षाहून जुना त्यात एकही नव्हता.

भाची कॉलेजसाठी आमच्याकडे कोल्हापुरात राहते. कपडे घ्यायचे म्हटलं की मैत्रिणींबरोबर झुडिओ या स्वस्त कपड्यांच्या दुकानात जाते. त्यावरून पोरांना हिणवणारे मीम मी रोज बघते आणि मला मनापासून चीड येते. आमच्या लहानपणी दिवाळीची खरेदी महाद्वार रोडवर व्हायची. गादीवर टेकायच्या आत दुकानदार विचारायचा, "कितीपर्यंत दाखवू?" आणि आई माझ्याकडे न बघता आकडा सांगायची. चार गठ्ठे उलगडायला लावून काही न घेता उठायची तिला लाज वाटायची. भाचीला हे माहीतच नाही. किंमत समोर लिहिलेली असते, घालून बघायचं, नाही आवडलं तर परत अडकवून निघायचं. दोनशे रुपये घेऊन गेलेल्या मुलीला तिथे मान खाली घालावी लागत नाही. ही मला फार मोठी गोष्ट वाटते.

हे परवडतं कसं, तेही समजून घेण्यासारखं आहे. झुडिओ ही टाटांच्या ट्रेंट कंपनीची. टाटांनी 1998 मध्ये लॅक्मे ही सौंदर्यप्रसाधनांची कंपनी हिंदुस्तान लिव्हरला विकली आणि ती चालवणाऱ्या सिमोन टाटांनी कपड्यांच्या धंद्यात पाऊल टाकलं, त्यातून आधी वेस्टसाइड ही कपड्यांच्या दुकानांची साखळी उभी राहिली. झुडिओत सगळा माल स्वतःच्याच नावाचा, त्यामुळे दुसऱ्या ब्रँडचा नफा मध्ये येत नाही. जाहिरातींवर उधळपट्टी नाही. आणि ऑनलाइन विक्रीच नाही! दोनशेच्या टी-शर्टला कुरिअर लावा, तो परत आला तर पुन्हा कुरिअर. नफा तिथेच संपतो. गिऱ्हाईक स्वतः दुकानात येतं, स्वतः निवडतं, स्वतःच घरी घेऊन जातं. याच ट्रेंटने इन्डिटेक्स या स्पॅनिश कंपनीबरोबर भागीदारीत 2010 मध्ये तिची झारा ही कपड्यांची साखळी भारतात आणली, पण झाराची दुकानं मोठ्या शहरांतल्या मोजक्या ठिकाणीच राहिली. झुडिओची दुकानं मार्च 2023 मध्ये 352 होती, मार्च 2025 मध्ये 765 झाली. त्यातली दोन तर यूएईत होती.

पण हे गणित एका गोष्टीवर उभं आहे. एका कपड्यावर सुटतं थोडं, म्हणून कपडे खूप खपले पाहिजेत. पोरांनी पुन्हा पुन्हा यायला हवं, आलं की रॅकवर नवीन काही दिसायला हवं. हे एकट्या झुडिओचं नाही, स्वस्त फॅशनचा सगळा धंदाच असा चालतो. भाचीच्या कपाटाचं दार लागत नाही. तिला मी दोष देत नाही. एकोणीस वर्षांची पोरगी आहे, तिला नटावंसं वाटणारच.

माझं म्हणणं या कंपन्यांशी आहे. जाहिरात आणि कुरिअरचा पैसा वाचवण्याइतकी हुशारी ज्यांच्याकडे आहे, त्यांनी पन्नास रुपये जास्त घ्यावेत आणि दोन वर्षं टिकणारं कापड द्यावं. एवढी दुकानं गावोगावी आहेतच, तर जुने कपडे तिथेच परत घ्यावेत आणि त्यांचं पुढे काय केलं तेही सांगावं. मी दोनशेचा टी-शर्ट अडीचशेला आनंदाने घेईन. भाचीही घेईल, मी विचारलंय.

बोहारीण गेल्यावर आईने त्यातला एक टी-शर्ट फाडून ओटा पुसायला घेतला. पॉलिस्टरच तो, पाणी शोषेना, नुसतं इकडचं तिकडे पसरलं. बाकीचे सहा पिशवीत भरून जिन्याखाली ठेवलेत. घंटागाडीत टाकायला आईचा हात धजत नाही.