"रबरच्या कामाने काही होत नाही" हा मेसेज फॉरवर्ड करायच्या आधी हे वाचा

गेले काही दिवस कामगारांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. थोडक्यात असा: रबर म्हणजे झाडाचा चीक, नॅचरल वस्तू, त्याने काय होणार, वासाची आठवड्याभरात सवय होते, रोज गुळाचा खडा खा, दूध प्या, सगळी धूळ साफ, ओळखीचे एक काका तीस वर्षं मिलवर (रबर मळायच्या रोलच्या मशीनवर) होते, एकदम ठणठणीत, आणि उगाच अफवा पसरवून गाळे बंद पाडू नका. आमच्या घरातले, शेजारचे कितीतरी जण साकीनाका, भांडुप, वसईच्या गाळ्यांत गास्केट, बुश, चपलांचे सोल बनवतात, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

चिकाचं आधी बघू. नुसत्या चिकाचं गास्केट होत नाही हो. त्यात गंधक, झिंक ऑक्साइड, कार्बन ब्लॅक (काजळीसारखी काळी पावडर), ऑइल, ॲक्सिलरेटर (रबर लवकर पक्कं व्हायला), अँटिऑक्सिडंट (रबर लवकर खराब होऊ नये म्हणून) असं बरंच काही पडतं, आणि नायट्राइल, निओप्रीन ही रबरं तर झाडावर येतच नाहीत, ते केमिकल प्लांटमधूनच येतात. मिलवर कधी उभे राहून बघा. माणूस कार्बनची गोणी फाडतो, फिरत्या रोलवर थोडं थोडं टाकतो, अर्धं खाली ट्रेमध्ये पडतं, ते ब्रशने गोळा करून परत वर टाकतो, सुरीने शीट कापून दुमडून पुन्हा रोलमध्ये घालतो, आणि हे सगळं तोंड रोलपासून हातभर अंतरावर ठेवून. पुढे प्रेस, म्हणजे साच्यात रबर दाबून तापवायचं मशीन. दीडशे-पावणेदोनशे डिग्रीला माल शिजतो, प्रेस उघडला की गरम धूर थेट तोंडावर. काही ॲक्सिलरेटरपासून या धुरात नायट्रोसामाइन तयार होतात, आणि त्यातले काही कॅन्सरकारक आहेत. यात झाडाचा काय संबंध?

सवयीबद्दल एवढंच सांगतो, सवय नाकाला होते, फुफ्फुसाला नाही. वास यायचा बंद झाला म्हणून हवेतला माल कमी झालेला नसतो. सोल्युशन (रबर चिकटवायचा गोंद) लावणाऱ्यांनी तर जास्तच लक्ष द्या, त्यात बऱ्याचदा टोल्युइन, हेक्झेन असतं. संध्याकाळी डोकं जड होतं ते "थकवा" म्हणून सोडून देतात, पण हेक्झेन बरेच दिवस श्वासातून आत गेलं तर नसा खराब होतात, हातापायाला मुंग्या येतात, पायातली ताकद जाते.

आता गूळ. याच्या मागे थोडं काहीतरी आहे हे मान्य, १९९४ साली लखनौच्या संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केला होता, गूळ दिलेल्या उंदरांच्या फुफ्फुसातून कोळशाचे कण जास्त बाहेर सरकले. पण ते उंदीर होते, आणि ती धूळ होती. जे केमिकल रक्तात विरघळून गेलं किंवा हाताच्या कातडीतून आत शिरलं त्याला गूळ कुठे गाठणार? दूध प्या, चांगलंच आहे, पण एक्झॉस्ट फॅनच्या बदल्यात दुधाची पिशवी मिळत असेल तर तो सौदा आपल्या अंगावर आहे. रुमाल बांधण्याचं पण तसंच, वाफ रुमालातून आरपार जाते, साध्या डस्ट मास्कमधून पण जाते.

काकांचा मुद्दा सगळ्यात जास्त लोकांना पटतो म्हणून त्यावर जरा जास्त लिहितो. काका ठणठणीत आहेत याचा आनंदच आहे. पण ज्यांना दम लागला, ज्यांचे हात फुटले, ते मधेच काम सोडून गावाला गेले, रिक्षा चालवायला लागले, त्यांची मोजणी कोण करतं? तीस वर्षं टिकला तोच दिसतो. दुसरं म्हणजे हे आजार लगेच येत नाहीत. ब्रिटनमध्ये रबरात एक अँटिऑक्सिडंट वापरायचे, त्यात बीटा-नॅप्थिलामाइन होतं. शरीर ते लघवीवाटे बाहेर टाकतं, म्हणजे तोवर ते मूत्राशयातच साठून राहतं. तिथल्या कामगारांमध्ये मूत्राशयाचा कॅन्सर जास्त निघाला, १९४९ मध्ये तो माल बाजारातून काढला, तरी ज्यांनी आधी काम केलेलं त्यांच्यात पुढे कितीतरी वर्षं केसेस निघत राहिल्या. डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संस्थेने रबर कारखान्यातलं कामच पहिल्या गटात, म्हणजे माणसात कॅन्सर करतं हे सिद्ध झालेल्या गटात टाकलंय: मूत्राशय, फुफ्फुस, जठर, शिवाय ल्युकेमिया (रक्ताचा कॅन्सर) आणि लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर). कोणी म्हणेल बिडी-सिगरेटने होतो. हो, बिडीने पण होतो, म्हणून तर मिलवाल्याने ती आधी सोडावी, दोन्ही मिळून धोका वाढतो.

त्यामुळे काकांना माझं हात जोडून सांगणं आहे, लघवीतून एकदा जरी रक्त गेलं, दुखलं नाही तरी, मुतखडा असेल म्हणून घरी बसू नका. डॉक्टरला स्वतःहून सांगा की मी रबरात होतो, किती वर्षं, मिलवर की प्रेसवर. रिटायर झाल्यावर केसपेपरवर नुसतं "वृद्ध" लिहितात, काम कोणी विचारत नाही. नोकरीत आहात तर ईएसआयचं (कामगार विम्याचं) कार्ड, पगाराच्या स्लिपा, मेडिकलचे रिपोर्ट जपून ठेवा.

आणि गाळे बंद पडतील ही भीती. ते अँटिऑक्सिडंट गेलं म्हणून ब्रिटनमध्ये टायर बनायचे थांबले नाहीत. जर्मनीने नायट्रोसामाइनवर मर्यादा घातली, तिथे ॲक्सिलरेटर बदलले, काम चालूच राहिलं. युरोपात १९७५ नंतर रबरात लागलेल्या कामगारांचा अभ्यास झाला तेव्हा जुन्या लोकांसारखा कॅन्सरचा वाढीव धोका त्यांच्यात ठळक दिसला नाही, कारण तोवर माल आणि हवा दोन्ही सुधारत आले होते. यातलं बरंचसं आपल्या गाळ्यात पण होऊ शकतं: रोलच्या आणि प्रेसच्या वर धूर-धूळ ओढून बाहेर नेणारे हूड आणि डक्ट, पावडरच्या जागी दाणेदार केमिकल, पिशवीसकट मिक्सरमध्ये टाकता येईल असं वजन करून आलेलं पॅकिंग, जेवायच्या आधी हात धुवायला साबण आणि नळ. शेठकडे मागायचं तर सुरुवात यातल्या हूडपासून करा, आणि गोणीवरचं नाव वाचून त्या केमिकलची सेफ्टी शीट (त्याचे धोके आणि काळजी लिहिलेला कागद) सप्लायरकडून मागवा, ती त्यांच्याकडे असायला हवी.