बर्गर दुकानातून आणलेले नव्हते

एक फॉरवर्ड सध्या जोरात फिरतोय. एका बाजूला भिंतीवर चिकटपट्टीने लावलेलं केळं, दुसऱ्या बाजूला अमेरिकन शिल्पकार क्लेस ओल्डेनबर्गचे दोन चीजबर्गर. खाली मजकूर: "पॉप आर्ट म्हणजे दुकानातली वस्तू उचला, म्युझियममध्ये ठेवा, करोडोंना विका. हाताला कसब नको, आणि शहाणे लोक माना डोलावतात." (पॉप आर्ट म्हणजे रोजच्या वापरातल्या वस्तू आणि जाहिराती हाच विषय करणारी, 1950-60 च्या दशकांतली कला.) वाचायला झकास आहे, पण एकेक विधान तपासायला घेतलं की फारसं काही उरत नाही.

केळं आधी बाजूला काढू. ते इटालियन कलाकार मॉरिझिओ कातेलानचं, 2019 मधलं; बर्गर 1962 चे. केळं खरोखर बाजारातलं होतं. त्याचं नातं लावायचंच तर फ्रेंच कलाकार मार्सेल द्युशाँशी लावा, ज्याने 1917 मध्ये मुतारीचं भांडं प्रदर्शनाला पाठवलं होतं. तेव्हा पॉप आर्टचा पत्ताही नव्हता.

आता "वस्तू उचला". ओल्डेनबर्गने बर्गर उचलला नाही, घडवला. गोणपाट प्लास्टरमध्ये बुडवायचं, ओलं असतानाच आकार द्यायचा, वाळल्यावर वर इनॅमल रंग. त्याच्या इतर वस्तूंना आतून तारेची जाळी आणि वर प्लास्टरमध्ये भिजवलेलं मांजरपाट. रंग डब्यातला, भडक, ओघळ आले तर ते तसेच ठेवलेले. जवळून पाहिलं तर पाव खडबडीत, कडा वेड्यावाकड्या आणि त्यावर घराच्या दाराला शोभेल अशी चकाकी. भूक लागावी असं त्यात काही नाही, उलट जरा शिसारीच येते. हुबेहूब नक्कल हवी असती तर हा माणूस इतका राडा कशाला करत बसला असता?

"करोडोंना विका" तर उलटंच आहे. डिसेंबर 1961 मध्ये ओल्डेनबर्गने न्यूयॉर्कच्या ईस्ट सेकंड स्ट्रीटवर चक्क गाळा भाड्याने घेतला. मागे कारखाना, पुढे विक्री. केक, शर्ट, बूट, सगळं रंगवलेल्या प्लास्टरचं. किमतीसुद्धा बाटाच्या थाटात, 21 डॉलर 79 सेंट अशा. पुढे लिलावात भाव चढले, ते खरं, पण तो हिशेब वेगळा.

कसबाच्या मुद्द्यावर मात्र फॉरवर्डवाल्याला टोचायची चांगली संधी होती, ती त्याने घालवली. 1962 चा सुमारे सात फूट रुंद 'फ्लोअर बर्गर' कॅनव्हासचा आहे, आत फोम आणि पुठ्ठ्याची खोकी. अशा मऊ शिल्पांची शिलाई बरीचशी ओल्डेनबर्गच्या तेव्हाच्या पत्नीची, पॅटी मुकाची, आणि नाव गाजलं एकट्या नवऱ्याचं. पॉप आर्टमधलाच दुसरा कलाकार अँडी वॉरहॉल, त्याचे 1964 चे ब्रिलोचे (भांडी घासायच्या साबणाच्या काथ्यांचा एक ब्रँड) खोकेही तसेच: प्लायवूडच्या पेट्या सुताराच्या, त्यांवर रंग आणि स्क्रीनप्रिंट वॉरहॉल आणि मदतनिसांचं, आणि मूळ पुठ्ठ्याच्या खोक्याचं डिझाइन जेम्स हार्वी नावाच्या दुसऱ्याच चित्रकाराचं. श्रेय कोणाचं, यावर भांडा की खुशाल. कसब नव्हतं म्हणणं मात्र चूक.

आणि "माना डोलावतात"? 1965 मध्ये टोरांटोच्या एका गॅलरीवाल्याने वॉरहॉलचे खोके मागवले तेव्हा कॅनडाच्या कस्टम्सने ते शिल्प मानायला नकार दिला आणि व्यापारी माल म्हणून 20 टक्के जकात मागितली. नॅशनल गॅलरीच्या संचालकांनीही, चार्ल्स कम्फर्ट यांनी, फोटो पाहून कस्टम्सचीच री ओढली. 1967 मध्ये टोरांटोच्याच आर्ट गॅलरीने 'फ्लोअर बर्गर' विकत घेतला, तर कलेचे विद्यार्थी केचपची भलीमोठी बाटली घेऊन निषेधाला हजर! म्हणजे हा फॉरवर्ड जी शंका आज नव्याने काढतोय, ती तेव्हाच सरकारी टेबलावर आणि रस्त्यावर काढून झाली होती, तीही जास्त विनोदी पद्धतीने.

केळ्यावर राग असेल तर तो केळ्यावर काढावा, हरकत नाही. फक्त शेजारचा बर्गरचा फोटो तेवढा काढून टाका.