पांढरी सहा, चारशे पंचेचाळीस

बेळगावात पाऊस लागला की घरातली सगळी लाकडं फुगतात. न्हाणीघराचं दार खांद्यानं ढकलावं लागतं, कपाटाचा खण निम्म्यात अडकतो, आणि मुलानं हुबळीला शिकायला जाताना मागं ठेवलेली गिटार रात्री लावून ठेवली तरी सकाळी भलत्याच सुरात उठते. दाराला रंधा मारता येतो. गिटारीला मारता येत नाही, म्हणून ट्यूनर, म्हणजे तार सुरात आहे की नाही ते दाखवणारं यंत्र, घेणं आलं.

मी गिटार का वाजवते, हा प्रश्न आमच्या अनगोळात अजून मिटलेला नाही. आमच्या भजनी मंडळात पेटी आहे, तबला आहे, टाळ तर ज्याच्या त्याच्या हातात. गिटार कुणी मागितली नव्हती. पण पोरगा गेल्यावर ती भिंतीवर नुसती लटकलेली बघवेना. चार कॉर्ड शिकले. चार कॉर्डांत निम्मी भजनं बसतात, ही गोष्ट मी मंडळात फोडलेली नाही.

ट्यूनरआधी मोबाइलवरचं फुकटातलं ॲप होतं. ते माइकवर ऐकतं आणि कानाला पडेल त्या सगळ्याचं मत देतं. कुकरची शिट्टी झाली की तिचा सूर सांगतं, गल्लीत भंगारवाला ओरडला की त्याचाही. एकदा तर मी तारेला हातही लावला नव्हता तरी पडद्यावर ‘जी’ आला आणि हलेचना. जरा चढा जी, पण ठाम. फ्रिज होता तो. आपल्या घरची वीज ५० हर्ट्झची, तिची घुमघुम १०० हर्ट्झवर ऐकू येते, आणि खालचा जी ९८ वर. म्हणजे फ्रिज साधारण पस्तीस सेंट चढा गातो. (सुराच्या एका अर्ध्या पायरीचे शंभर भाग केले की त्यातला एक म्हणजे सेंट.) लाइट गेली की जी जातो. बेळगावच्या पावसाळ्यात तो बराच वेळ गेलेला असतो, पण तेवढ्या मुहूर्तावर गिटार लावायला बसायचं म्हणजे अंधारात खुंट्या पिळायच्या.

खडेबाजारातल्या वाद्यांच्या दुकानात गेले. बाहेर ढोल टांगलेले, आत पेट्यांची चळत, आणि काचेच्या कपाटात कपडे वाळत घालायच्या चिमट्यासारखे दिसणारे ट्यूनर ओळीनं मांडलेले. “बर्री अक्का, काय दाखवू?” मी सांगितलं. त्यानं स्नार्क काढला, कॉर्ग काढला, डॅडारिओ काढला, आणि ज्याच्या डब्यावर कसलंच नाव नव्हतं तोही काढला. “हा कसा आहे?” “भाळ छलो ऐतरी.” कानडीत, फार चांगला आहे. “आणि हा?” “भाळ छलो ऐतरी.” सगळेच छलो होते. किंमत वाढेल तसा ‘भाळ’मधला आ लांबत जातो, एवढं थोड्या वेळात माझ्या लक्षात आलं. सगळ्यात महागाच्या वेळी तर त्याला मध्ये श्वास घ्यावा लागला.

एक मात्र त्यानं खरं दाखवलं. चिमटा गिटारीच्या डोक्याला, खुंट्यांच्या शेजारी लावला आणि तार छेडली. बाहेर रिक्षांचे हॉर्न, समोरच्या दुकानात कुणीतरी ढोल ठोकून बघत होतं, आणि ट्यूनरचा काटा जागचा हलत नव्हता. कारण हा ऐकतच नाही. लाकडाची थरथर ओळखतो. जबड्यात पिएझोचा बारका तुकडा असतो, तो दाबला किंवा थरथरला की वीज तयार करतो. जॅक आणि पिएर या क्युरी बंधूंनी १८८० साली हे दाखवलं. गॅस पेटवायच्या खटक्याच्या लायटरमध्येही हाच प्रकार असतो. घरी हे मी मामंजींना सांगितलं आणि तेव्हापासून ते ट्यूनरला लायटर म्हणतात. “सूनबाई, तुझा लायटर टीव्हीवर पडलाय बघ.”

निवडताना मुलाचा सल्ला फोनवर चालू होता. “आई, अचूकता बघ. पीटरसनचा स्ट्रोब घे, पॉइंट वन सेंटपर्यंत दाखवतो.” पाच-सहा सेंटच्या आतला फरक बहुतेक कानांना लागतच नाही. आमच्या मंडळात तर वीस सेंटचा फरक भक्तीत मोडतो. त्याची किंमत ऐकून मी त्याला विचारलं, मेसची फी भरायची की हा घ्यायचा? मग तो म्हणाला, साधा क्रोमॅटिक घे.

क्रोमॅटिक म्हणजे बाराही सूर ओळखणारा. गिटारचा म्हणून जो मोड असतो तो फक्त सहा तारांपुरता बघतो, कुठली तार ते नंबरासकट सांगतो. नवशिक्याला तोच बरा. आमच्या नणंदेचा मुलगा सुट्टीला आला होता, त्यानं पहिली तार नवीन घातली आणि क्रोमॅटिकवर लावायला बसला. ट्यूनर नुसता ‘ई’ दाखवतो, कुठल्या सप्तकातला ते सांगत नाही. ३२९.६ वरचा ई येऊन गेला ते भाचेबुवांना कळलं नाही. ते पुढच्या ईच्या शोधात खुंटी पिळत राहिले. पुढचा ई एक सप्तक वर असतो. तार तिथवर जात नाही. स्वयंपाकघरात मला फाट असा आवाज आला आणि पाठोपाठ, “मामी, तुमच्या तारा जुन्या आहेत.”

बाकी बघायच्या गोष्टी बऱ्याच होत्या. डॅडारिओचा मायक्रो इतका लहान की खुंट्यांच्या मागं लपतो, समोर बसलेल्यांना दिसत नाही. चाळिशी लागल्यावर तो वाजवणारीलाही दिसत नाही. काहींचा चेहरा बॉलवर फिरतो. तो बॉल ढिला पडला की ट्यूनर ऐन भजनात मान टाकतो. रबर जाड आहे का बघावं, नाहीतर पॉलिशवर वळ उठतो. आणि जाड ई, म्हणजे सहावी तार, ८२.४ हर्ट्झवर, स्वस्तातले चिमटे तिच्यापाशी गोंधळतात, कधी ई कधी बी दाखवतात. तिथं अंगठ्यानं हळू छेडावं, नाहीतर बाराव्या पट्टीवर बोट नुसतं टेकवून वरचा सूर काढावा. दुकानदाराला हे माहीत होतं. विचारल्याशिवाय सांगितलं नाही.

खरा घोळ घरी झाला.

मामंजी मूळचे मिरजेचे. मिरज म्हणजे सतारमेकरांचं गाव, तिथल्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली जीआय मानांकन मिळालं, आणि ते स्वतःलाच मिळाल्यासारखे मामंजी आठवडाभर वागत होते. लहानपणी त्यांनी कारागिरांच्या दारात बसून जवारी, म्हणजे तारेचा गुंजता आवाज, काढताना बघितलेली. तारेखाली सुताचा धागा सरकवायचा, आणि कान. “त्या माणसांनी कधी डोकीला चिमटा लावला नाही. आण इकडं.” गिटार मांडीवर घेतली. तिसरी तार, जी, हिला सा धरला आणि दुसरी तार गंधारावर आणली. डोळे मिटून. खरंच गोड लागत होतं. मी हळूच चिमटा लावला. बी चौदा सेंट उतरलेला. काटा डावीकडं, लाल दिवा.

“लायटर बिघडलाय,” मामंजी म्हणाले.

लायटर बिघडला नव्हता आणि मामंजींचा कानही नाही. तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप जो गंधार निघतो तो सापासून ३८६ सेंटवर असतो. गिटारीच्या, पेटीच्या, पियानोच्या पट्ट्या मात्र सप्तकाचे बारा सारखे तुकडे करून पाडलेल्या, तिथं तोच गंधार ४०० वर. मामंजींनी लावलेल्या गिटारीवर जीचा कॉर्ड वाजवला की देवघरात बसल्यासारखं वाटायचं. ईचा वाजवला की तीच तार मागं राहिलेली ऐकू यायची. मुलानं फोनवर यावर व्याख्यान दिलं. मामंजींनी स्पीकरवर ते पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मग आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत पेटी बंद ठेवली होती ती काय उगीच?” एवढं बोलून ते बातम्या लावायला गेले. जिंकल्यावर माणूस चर्चा वाढवत नाही.

हे वाक्य गल्लीतून फिरत पेटीवाल्या काकूंपर्यंत पोचलं. कुणी पोचवलं मला माहीत नाही, पण आमच्या ह्यांना पोटात काही राहत नाही.

एकादशीच्या तालमीला काकू जरा ताठच बसल्या होत्या. गिटारीच्या तारा कुठल्या सुरात, त्यांनी विचारलं. मी पेटीच्या पट्ट्यांच्या हिशोबानं सांगितलं: जाड तारेपासून पांढरी तीन, सहा, दोन, पाच, सात आणि परत तीन. “सगळ्या पांढऱ्या? काळ्यांनी तुझं काय घोडं मारलंय गं?” आमची भजनं काळी चारमधली. मी गिटारीच्या गळ्याला कॅपो लावला, म्हणजे सगळ्या तारा एकदम वर चढवणारा दुसरा चिमटा, आणि सुरुवात केली. गिटार ट्यूनरवर सूत सुतात होती आणि पेटीशी भांडत होती. तबलजीनं हातोडी खाली ठेवली. टाळ आपोआप थांबले.

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. पेटीकडं कुणी बघत नाही. ती मंडळाच्या स्थापनेपासून आहे.

ट्यूनर निवडताना दुकानदारानं आणि मुलानं दोघांनीही जे सांगितलं नाही ते मला त्या दिवशी कळलं. आपल्या भागात ट्यूनर घ्यायचा तर एकच बटण महत्त्वाचं: ज्यावर एचझेड किंवा कॅल लिहिलेलं असतं ते. पांढरी सहा म्हणजे ए, तो ४४० हर्ट्झचा, असं १९३९ साली लंडनच्या परिषदेत ठरलं आणि १९५५ साली जागतिक मानक संघटनेनं त्यावर शिक्का मारला. पुढच्याच वर्षी, १९५६ साली, बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं. मामंजी म्हणतात, दोन्ही वेळेला आम्हाला कुणी विचारलं नाही. जुन्या पेट्यांनाही कुणी विचारलेलं नसतं. त्यांचे सूर ज्यानं लावले त्याच्या कानाप्रमाणं, आणि पुढं वर्षानुवर्षं हवा खाऊन सरकत गेलेले. अशा वेळी ते बटण दाबून ट्यूनरचा ए वर-खाली करता येतो, बहुतेकांत ४३० पासून ४५० पर्यंत. नाव नसलेल्या स्वस्त डब्यात हे बटण नव्हतं. ‘भाळ छलो’ मात्र होता.

मी घेतलेल्यात होतं. काकूंना पांढरी सहा धरून ठेवायला सांगितली, चिमटा पेटीच्या फळीच्या कडेला लावला आणि एकेक हर्ट्झ चढवत गेले. ४४५ ला हिरवा दिवा आला. गिटार ४४५ वर लावली, आणि पेटी-गिटार एकदम जुळली, तबलजीनंसुद्धा मान हलवली. माझ्या मनासारखं झालं होतं. पण काकूंना त्या हिरव्या दिव्याचा नाद लागला. “आता ही बघ की,” म्हणून त्यांनी पांढरी एक दाबली. लाल. दहा सेंट खाली. “ही?” काळी दोन, पलीकडच्या बाजूनं लाल. त्या एकेक पट्टी दाबत चालल्या आणि दिवा कधी डावीकडं, कधी उजवीकडं. टाळवाल्या बायका वाकून बघायला लागल्या. हिरवं कुठं थांबतंय याच्यावर दोघींनी बोली लावली. ज्या पेटीवर आख्खं मंडळ उभं होतं तिच्यात पांढरी सहा आणि आणखी एखाददुसरी सोडली तर सुरात कुणीच नव्हतं, आणि इतकी वर्षं कुणालाच काही अडलं नव्हतं.

आता या क्षणी काय बोलावं ते मला सुचेना. तेवढ्यात दिवा फडफडला आणि विझला. ट्यूनरला सीआर २०३२ हा बटणासारखा सेल लागतो, आणि मामंजींच्या साखर तपासायच्या मशिनलाही तोच. त्या सकाळी त्यांच्या मशिनचा सेल उतरला होता. त्यांनी माझा काढून घेतला आणि त्यांचा मेलेला माझ्या ट्यूनरमध्ये घालून ठेवला. इतका वेळ तो चालला हेच नवल.

काकूंनी चिमटा काढला, उलटसुलट करून बघितला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “सेल उतरलाय गं ह्याचा. तरीच म्हटलं माझी पेटी कशी काय चुकेल. चला, पहिल्यापासून.”